जागलीचा डब्बा

रानडुकराले सातबारा समजत नाई. वावर कोनाचं, कष्ट कोनाचे, त्याले काय घेनं-देनं. अंधार पडला का कळप नाल्यातून निघते, तुरीचे झाडं आडवे पाडते, भुईमूग उकरते अन् सकाळी पुन्हा नाल्यात जाऊन आरामात झोपते. आमी जऊळक्याकडचे लोक. आमच्या इकडे पोट्टं बोलाले लागाच्या आंधी डुक्कर हाकलाले शिकते, असं माही सासू मनत जाय, अन् ती काई खोटी बोलत नव्हती.

मी चतुराबाई. घरधन्याचं नाव मी सहसा घेत नाई, पन तुमाले समजाले पायजे मनून एक डाव घेते: उकंडराव. आता पुढं मी त्याइले निकीचे बाबाच मनीन. निकी मंजे आमची निकिता, एकुलती एक. वाशिमले इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला अन् परत गावात येऊन बसली. लोक मनत, पोरीले नोकरी लागली नाई. लागली होती, तिनंच नाई केली. गावातल्या मोटारीचे स्टार्टर, इन्वर्टर, सगळं तीच दुरुस्त करते. जिद्दी हाय, अन् ती जिद्द माह्यावर गेली असं लोक मनतात. मनू द्या.

तुमी जागल पाह्यली नसन त सांगते. जागल मंजे रातच्याले नुसतं वावरातल्या उंच माळ्यावर बसून बॅटरी मारनं नाई. जागलीचा कायदा असते. एकानं हाळी देल्ली, "हाऽऽ हो", का बाजूच्या वावरातल्यानं उत्तर द्याचं. मंग त्याच्या बाजूच्यानं. असी हाळी शिवारभर फिरते. डुकराले वाटते चारी बाजूनं मानसं हायेत, अन् मानसाले वाटते आपन एकटे नाई. अन् ज्याची हाळी आली नाई, त्याच्याकडे हातातलं काम टाकून धावाचं. भांडन असो का अबोला असो, धावाचं मंजे धावाचं.

मांगच्या सालच्या हिवाळ्यात निकीच्या बाबाची हाळी आली नाई. धनराज, आमचा धुऱ्याले धुरा, बांधाले बांध लागून असलेला शेजारी, तो पयले पोचला. निकीचे बाबा माळ्याखाली पडून होते. डुक्कर अंगावर आलतं, मांडी फाडून गेलतं. धनराजनं आपला गमचा बांधला, लोकाइनं त्याइले बाजीवर घालून सडकीपर्यंत आनलं. वाचले. पन उजवा पाय तवापासून ओढतच चालतात. माळ्याची शिडी चढता येते, पन बिगीनं उतरता येत नाई. अन् डुक्कर काई थांबून वाट पाहात नाई.

त्याच्यावर निकीनं डब्बा बनवला. रंग द्याले बी सवड नव्हती तिले, असा साधा प्लास्टिकचा डब्बा, वर सोलरची पट्टी, आत माईक अन् भोंगा. धुऱ्यावर बांबू रोवून त्याच्यावर बसवाचा. तो डब्बा रातभर कान देऊन बसते. डुकराचा आवाज आला का त्याच्यातून निकीच्या बाबाची हाळी उठते, खरीखुरी, त्याइच्याच आवाजातली. मंग बाजूच्या वावरातला डब्बा धनराजच्या आवाजात उत्तर देते, मंग त्याच्या पुढचा. एका डब्ब्याची खबर दुसऱ्याले रेडिओनं जाते, त्याले मोबाईलचं टावर लागत नाई. नुसत्या भोंग्याले डुक्कर चार दिसात सरावते, पन फिरत्या हाळीले सरावत नाई. मले पयल्यांदा आयकू आलं तवा माह्या हातातली भाकर तव्यावरच राह्यली. निकीचे बाबा ओसरीत बसून सुपारी कातरून राह्यले अन् शिवारातून त्याइचाच आवाज येऊन राह्यला.

पन सगळं सुधं असतं त मंग गोठ कायची. आमच्या डब्ब्याले वारा समजे ना. तुरीत वारा शिरला, पालापाचोळा सळसळला का डब्बा मने डुक्कर आलं. देल्ली हाळी. मंग बाजूचा, मंग त्याच्या पुढचा. वाऱ्याच्या राती आख्खं शिवार बोंबलत राहे. धनराज डोळे लाल करून सकाळी दारात आला. मने, "वैनी, डुक्कर परवडलं. हा डब्बा नाई परवडत. तो काढा."

निकीचे बाबा त्या दिवशी जेवताना बोलले. राग नाई, काई नाई. मने, "शेंगा धरल्या, निके. शेंगा भरेपर्यंत डब्बा सुधरला त ठीक. नाई त मी माळ्यावर जातो."

"बाबा, त्या पायानं?"

"पाय वावरातच गेला ना. मंग वावराले काय भेवाचं."

मी भांडली. मी आदळआपट केली. आमच्या घरात भांडे माह्याच हातानं वाजतात, हे सगळ्या गल्लीले ठाऊक हाय. पन ते निकीले बोलले होते, मले नाई. माहा जीव तवापासून त्या माळ्याच्या शिडीवर टांगला.

निकीनं मले समजावून सांगतलं ते असं: लेकराले गाय दाखवून दाखवून गाय शिकवतो तसं डब्ब्याले डुक्कर आयकवून आयकवून शिकवा लागते. त्याच्यासाठी डुकराचे आवाज पायजे, ढीगभर, वाऱ्यातले, पावसातले, जवळचे, दूरचे. तिच्यापाशी आमच्या नाल्यातल्या डुकराचेच होते, ते बी मोजके. बाकीचे आनाचे कुठून?

आता कट्ट्याची गोठ. पोरीचा मोबाईलवर एक कट्टा हाय. जगभरचे लोक त्याच्यावर असतात, कोनी काई बनवते, कोनी काई. कोनी झाडाले पानी देनारं मशीन, कोनी आंधळ्याइसाठी काठी. एकमेकाचं पाहातात, चुका सांगतात, वस्तू कसी बनवाची त्याचे नकाशे देतात. हिनं त्यातल्या एकाचं बी तोंड पाह्यलं नव्हतं, अन् बोलाची असी का जसे सारे मावसभाऊ होत. तठी नवी वस्तू दुनियेपुढं मांडाचा एक दिवस असते. त्याले ते लाँच मनतात. त्या दिवशी लोक आवडल्या वस्तूले मत देतात, जिले मतं जास्त ती वरत जाते, अन् वरत गेली त सारे पाहातात. खाली राह्यली त कोनी ढुंकून पाहात नाई. निकीनं ठरवलं, डब्बा मांडाचा, नकाशे सगळे खुले ठेवाचे, अन् मांगाचं एकच: तुमच्याकडचे डुकराचे आवाज द्या.

"तिकडे कुठी डुकरं असतात वो?" मी इचारलं.

"असन ना, आई. पाहू," ती मने. पन तिचाबी आवाज पडलाच होता.

लाँचचा दिवस तिकडे अमेरिकेत मध्यरातीले सुरू होते, अन् तवा आपल्या इकडे दुपारचा दीड वाजते. त्या दिवशी सकाळी निकीचे बाबा धुतलेला सदरा घालून, टोपी घालून काठी टेकत बाहीर गेले. मले वाटलं बँकेत चालले असतील. मी काई इचारलं नाई. इचारलं असतं त बरं झालं असतं.

दीड वाजता निकीनं डब्बा मांडला. मी तिच्या बाजूले बसली. मले इंग्रजी येत नाई, पन आकडा वाचता येते. थोडा वेळ मताइचा आकडा जागचा हालला नाई. मंग उलीसा हालला. अन् मंग एकाएकी असा पळाला का पोरीनं तोंडावर हात ठेवला. खालून आमचा डब्बा वर, वर, वर. वरून दुसरा झाला. मी देवाले हात जोडले. निकीचं मात्र तिकडे ध्यान नव्हतं. ती खाली सरकवून सरकवून काई वाचून राह्यली होती, अन् तिच्या तोंडाचा रंग उडत चालला होता.

मंग पानच गेलं. डब्ब्याचा फोटो गेला, आकडा गेला. तठी नुसती एक पाटी आली. निकीनं वाचून दाखवली: एकाच जागेवरून, एकाच येळी, नव्या नव्या खात्याइनं मतं टाकले. हे संशयास्पद हाय. वस्तू हटवन्यात आली हाय.

तेवढ्यात दारातून वाजत गाजत वरात आली.

वाजत नव्हती, पन वरातच मना. पुढं निकीचे बाबा, मांगं धनराज, त्याच्या मांगं मोबाईलच्या दुकानवाला हरीओम पेढ्याचा पुडा घेऊन, अन् त्याच्या मांगं गावातल्या बाया-मानसं, म्हातारे-कोतारे. प्रयागबाई, जिले चष्मा लावून बी फोन दिसत नाई, ती बी आपला फोन धरून. निकीचे बाबा हासत मने, "कितव्या नंबरावर गेलो, निके?"

"बाबा, तुमी लोकाइले सांगतलं का?"

"सांगतलं मंजे? आवतन देल्लं. घरोघर गेलो. एक बी घर सोडलं नाई. पोरीचं कार्य हाय मनलं, दीड वाजता हरीओमच्या दुकानापाशी याचं. हरीओमनं सगळ्याइचे खाते खोलून देल्ले. त्याच्या वायफायवरून."

हरीओम मने, "अन् शुभेच्छा बी टाकल्या ना, ताई. एक लिवली अन् सगळ्याइच्या फोनवर चिकटवली. नवीन उपक्रमास हार्दिक शुभेच्छा, शुभेच्छुक समस्त गावकरी मंडळी."

बाप्पा, मले हासू का रडू समजे ना. साऱ्या जगाच्या त्या कट्ट्यावर आमच्या लोकाइनं बॅनर लावला होता.

निकी हळूच बोलली. तिनं सांगतलं का तठी आपल्या मानसाइले बलावून मत घेनं मंजे चोरी असते. ज्यानं वस्तू पाह्यली, ज्याले पटली, त्यानंच मत द्याचं. आपल्याले काढून टाकलं. आता कोनीच डब्बा पाहनार नाई, कोनीच आवाज देनार नाई.

निकीच्या बाबाइनं टोपी काढली. मने, "आपल्या कार्याले आपले लोक नाई याचे त कोन याव? लग्नाले गाव आलं त त्याले कोनी चोरी मनते का?" ते भांडून नव्हते राह्यले. त्याइले खरंच समजत नव्हतं. अन् मंग समजलं, अन् त्याइचं तोंड असं उतरलं का मी जे बोलाले तोंड उघडलं होतं ते तसंच मिटून घेतलं. माह्या संसारात असं कमीच झालं हाय.

कोनाले तरी बोलनं भाग होतं, नाई त माहं डोकं फुटलं असतं. मंग मी पोरीले बोलली. "तोंड पाडून काय बसली? जे झालं ते लिव. माह्या बापानं आवतन देल्लं मनून लिव."

"आई, त्याइले काय समजन आवतन?"

"त समजाव. मानसं होयेत का नाई ते?"

तिनं लिवलं. कट्ट्यावर साऱ्याइले दिसन असं लिवलं, अन् मंग ते आमाले मराठीत वाचून बी दाखवलं, कारन अंगनातून कोनी हाललं नव्हतं. ज्याच्या घरी काई वाईट झालं त्याच्या घरून लगोलग उठून जाचं नसते. तिनं लिवलं होतं: आमच्या गावात कार्य असलं का घरोघर आवतन देतात, अन् आवतन आलं का जा लागते, वैरी असला तरी. माह्या वडलाइनं तेच केलं. त्याइले तुमचा नियम ठाऊक नव्हता. या साऱ्याइचे मतं काढून टाका. पन डब्बा खरा हाय. वडलाचा पाय बी खरा हाय. शेंगा भराच्या आंधी डब्ब्याले वारा अन् डुक्कर समजलं नाई त ते पुन्हा माळ्यावर जातील. मले नंबर नको, आवाज पायजे.

उत्तर आलं. त्या कट्ट्याची देखरेख करनारी एक बाई, पोर्तुगाल का काय त्या देशातली. तिनं एवढंच इचारलं: ते लोक अजून तठीच हायेत का?

निकीनं फोन फिरवला अन् व्हिडिओ लावला. ती बाई दिसली, पिकल्या केसाची, मांगं तिची मांजर. तिनं पाह्यलं. धनराज पाह्यला, प्रयागबाई पाह्यली, बाजीवर बसलेले, भिंतीले टेकलेले, साऱ्याइनं रामराम केला. निकीच्या बाबाइनं दोन्ही हात जोडले ते सोडलेच नाई. बाई काई बोलली, निकीनं आमाले सांगतलं: मने, चोरी करनारे असे तोंड दाखवून बसत नाईत. पन नियम तो नियम. तिनं आमचे सगळे मतं काढले, अन् पान परत लावलं. आकडा शून्य. जागा सगळ्यात खाली.

"न्याय हाय," निकीचे बाबा मने.

"मत काढलं त काढलं," धनराज मने, "चहा त देसान, वैनी."

मी चहा मांडला. मनात मनलं, संपलं. सगळ्यात खाली कोन पाहाले येते. मले शिडीच दिसून राह्यली होती.

दिवाबत्तीची येळ झाली असन. निकीच्या फोनवर टिंग वाजलं. जपानवरून कोन्या म्हाताऱ्या मानसानं काई पाठवलं होतं. तिनं आवाज मोठा केला अन् फोन पाटावर ठेवला.

पयले वारा होता. मंग पाचोळा. अन् मंग, काय सांगू तुमाले, डुक्कर. तेच घुरघुरनं, तेच नाकानं माती उकरनं, मंधातच पिल्लाचं किंचाळनं. गल्लीतले कुत्रे उठले. निकीच्या बाबाचा हात काठीवर गेला. प्रयागबाईनं पदर डोक्यावर घेतला. मले त क्षनभर वाटलं कळप आमच्या न्हानीपाशी येऊन ठेपला.

"हे जपानचं हाय?" धनराज मने.

"हो, काका. त्याइची डोंगरात संत्र्याची बाग हाय. डुकरं खातात मने."

"संत्र्याची?" धनराज नुसता पाहातच राह्यला. आमच्या इकडे संत्र्याची बाग असनारा मानूस अन् तो जपानवाला, दोघाइचं एकच दुखनं. आमाले आपलं वाटत जाय का हे आमच्याच नशिबी आलेलं झेंगट हाय.

मंग टिंग, टिंग, थांबेचना. स्पेनवरून आला, तिकडे डुकरं अक्रोडासारखं काई खातात. अमेरिकेतल्या टेक्सासवरून आला, त्या डुकराचा आवाज असा भल्ला जाड का हरीओम मने हा त रेडा हाय. इटलीचा आला. मलेशियाचा आला, मांगं धो धो पाऊस. एका बाईनं लिवलं, माह्या आज्यानं बी डुकरासाठी राती जागून काढल्या. एकानं लिवलं, तुमच्या वडलाइले सांगा, माहा बी पाय गेला हाय. कट्ट्यावरचे लोक ते पत्र एकमेकाले दाखवून राह्यले होते, आवतनाचं, अन् जो वाचे तो काई ना काई पाठवे. दुनिया एवढी मोठी हाय मनतात. मले त त्या संध्याकाळी वाटलं का साऱ्या दुनियेच्या धुऱ्याले धुरा लागून हाय अन् साऱ्याइच्या वावरात तेच एक डुक्कर फिरून राह्यलं हाय.

निकीले आता नवीन अडचन. एवढे आवाज, पन कोन्या जागी डुक्कर अन् कोन्या जागी वारा, हे मानसानं आयकून डब्ब्याले सांगा लागते. ती एकटी किती आयकन. ती आमच्याकडे पाहे अन् आमी तिच्याकडे.

"आमी कायले हाओत मंग?" प्रयागबाई मने. "डोळे गेले माहे, कान नाई गेले."

मंग काय, पुढं रोज जेवनं झाले का आमच्या ओसरीत बैठक. निकीनं फोनवर दोन बटनं करून देल्ले, एक लाल अन् एक हिरवं. डुक्कर आयकू आलं का लाल दाबाचं, वारा असला का हिरवं. मत द्याले जमलेलं गाव आता दुनियेचे डुकरं आयकत बसलं. भांडनं बी होत. धनराज मने हे डुक्कर, प्रयागबाई मने हट, हे त पान वाजलं. दोघाइचं पटलं नाई त निकी तो आवाज बाजूले ठेवे, बाकीचे डब्ब्याले शिकवे. स्पेनचं डुक्कर कसं उकरते हे गावातल्या बायाइले तोंडपाठ झालं. गाव करी ते राव न करी, मनतात ते उगीच नाई.

एका राती आभाळ आलं अन् असा वारा सुटला का तुरी जमिनीले टेकून उठत होत्या. आमी सारे कान लावून बसलो. डब्बा गप्प. वारा वाढला, पाचोळा अंगनापर्यंत उडत आला, डब्बा गप्पच. अन् मंग वारा चालूच असताना, त्या घोंगावन्यातून, निकीच्या बाबाची हाळी उठली. मंग धनराजची. मंग पुढची. सकाळी पाहतो त नाल्याच्या काठी डुकराच्या खुराचे ठसे, आले तसेच माघारी गेलेले. तुरीचं एक झाड मोडलं नव्हतं. निकी चिखलातच बसली अन् त्या खुराचे फोटो काढत राह्यली. धनराजनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. मने, "पोरी, माह्या वावरातला डब्बा काढजो नको."

मले वाटलं सुटलो. पन मानूस मंजे डब्बा नाई, मानसाले एकदा शिकवलेलं बदलवता येत नाई.

शेंगा भरल्या. अन् एक दिवस संध्याकाळी निकीचे बाबा वाकळ खांद्यावर टाकून, बॅटरी घेऊन उभे राह्यले.

"कुठी चालले?" मी इचारलं. मले ठाऊक होतं कुठी.

"माळ्यावर."

"डब्बा चालते ना."

"डब्बा चालते. पन खोटं चालते, चतुरे. माहा आवाज तठी वरडून राह्यला अन् मी अठी चुलीपाशी. त्याले उत्तर बी डब्बाच देते. उद्या खरंच कोनी पडलं त कोन धावन? हाळीले मानसानं उत्तर द्याचं असते. मानूस नाई त ती जागल नाई."

मी काय काय बोलली ते सांगत नाई. तुमच्या पायाले लकवा मारला असता त बरं झालं असतं, इथपर्यंत बोलली. अन् मंग रडून पाह्यलं. ते चपला शोधत राह्यले. बाईचं रडनं अन् डुकराचं किंचाळनं, दोन्ही आयकून आयकून मानूस सरावते.

तेवढ्यात निकी आतून आली. "बाबा, जाच्या आंधी हे आयका. जपानच्या त्या संत्र्यावाल्या बाबाइनं पाठवलं."

त्या मानसाची खबर मले तिच्याकडून आंधीच समजली होती. डोंगरात त्याचं गाव हाय. पोरं सारे शहरात गेले, घरं कुलपात, आता गावात बोटावर मोजाइतके म्हातारे उरले. जवानीत तो रेडिओच्या कारखान्यात होता, मनून निकीच्या नकाशावरून त्यानं डब्बे बनवले, बागेच्या कोपऱ्या-कोपऱ्यात लावले. पन हाळी कोनाची टाकाची? त्याच्या गावात हाळी देनारं कोनी राह्यलंच नव्हतं. त्यानं इचारलं होतं, तुमच्या वडलाचा अन् शेजाऱ्याचा आवाज लावू का. निकीनं हो मनलं होतं अन् बाबाइले सांगाले इसरली होती.

तिनं फोन पाटावर ठेवला. व्हिडिओत अंधार होता, उलीसे झाडं दिसत होते. पयले डुकरं आली. मंग, माय माह्ये, त्या जपानच्या डोंगरातून निकीच्या बाबाची हाळी उठली. "हाऽऽ होऽऽ". वरच्या कोपऱ्यातून धनराजनं उत्तर देल्लं. गोटे घरंगळले, डुकरं उतारावरून पळाली. सारं शांत झालं. मले वाटलं संपलं.

अन् मंग एक बारीक आवाज आला, फोनच्या अगदी जवळून. म्हातारा, थरथरता. त्याच चालीत, पन परक्या जिभेनं. "हाऽऽ होऽऽ".

निकीचे बाबा खाली वाकले. "हा कोन?"

"तेच ते, बाबा. जपानचे."

"हा डब्बा नाई?"

"नाई. ते स्वता हायेत. त्याइनं लिवलं हाय," निकीनं वाचलं. "मने, तुमच्या पानावर जागलीच्या कायद्यात वाचलं का ज्याची हाळी आली नाई त्याच्याकडे मानसं धावत येतात. तुमचे वडील भल्ले दूर हायेत अन् त्याइचा पाय दुखते. मी उत्तर नाई देल्लं त त्याइले माह्याकडे धावा लागन. मनून रोज मी खिडकी उघडतो अन् उत्तर देतो."

निकीचे बाबा उंबऱ्यावर बसले. वाकळ खांद्यावरून घसरून खाली पडली. "अजून एक डाव लाव," मने. तिनं लावलं. "अजून एक डाव." तिनं लावलं. त्याइच्या डोळ्याले पानी लागलं होतं अन् ते पुसत नव्हते. तसेच मने, "त्याच्या बायकोपोराइचं काय?"

"बायको नाई. पोरं शहरात."

"मंग तो एकटा खिडकीत उभा राहून..." त्याइनं पडलेली वाकळ उचलून बाजूले ठेवली. मंग मने, "त्याले लिव. आयकू आलं मनून लिव. लिव का उकंडरावले आयकू आलं."

निकीनं लिवलं. लगेच उत्तर आलं, नुसते हात जोडल्याचं चिन्ह.

त्या दिवशी ते माळ्यावर गेले नाई. मी ताट वाढलं, ते जेवले अन् ओसरीत आडवे झाले. मी त्याइच्या त्या पायाले तेल लावत बसली. सारी मांडी जागोजाग गाठीची झाली हाय. आठ बी वाजले नसतील, ते घोरून राह्यले होते. डुकराच्या येळेले हा मानूस झोपलेला मी कितीक हिवाळ्यात पाह्यला नव्हता.

शिवारातून हाळी आली, धनराजच्या आवाजातली. निकीच्या बाबाइनं डोळे उघडले नाई. झोपेतच "हाऽ हो" मनले अन् कूस पालटली. मी तसाच तेलाचा हात पदराले पुसला अन् रडली. खूप रडली. भेव नसताना कसं रडतात, ते मले त्या दिवशी समजलं.